तुटलेला संसार पुन्हा नांदता कसा लिहायचा : जुन्या खानदेशातली नवरा-बायकोची प्रेमकथा

माझ्या आजीची एक चुलत सासू होती, ती पाच वर्षं माहेरी राहून परत नांदायला आली होती. आजी सांगायची, नवरा घ्यायला आला तेव्हा तिने त्याला सकाळपासून दिवस मावळेपर्यंत ओट्यावर बसवून ठेवलं, पाणी दिलं, भाकरी वाढली, पण घरात या म्हटलं नाही, आणि तो पण उठून गेला नाही. एवढीच गोष्ट. दोघांत काय बोलणं झालं ते कोणालाच माहीत नाही. मी जुन्या काळातल्या प्रेमकथा लिहायला लागले ती त्या ओट्यासाठीच, आणि दुरावलेल्या नवरा-बायकोची गोष्ट लिहिताना तो दिवसभराचा ओटा मी अजून डोळ्यासमोर ठेवते.

नवीन लिहिणारे बरेच जण ड्राफ्ट वाचायला पाठवतात. त्यात वाडा असतो, झुंबर असतं, पैठणी असते, हिरो रागीट आणि हिरोईन मानी, आणि पावसाच्या रात्री दोघं एका खोलीत अडकतात की झालं मनोमीलन. वाचायला वाईट वाटत नाही पण ही माणसं कुठली आहेत, कोणत्या सालातली आहेत, त्यांना वेगळं राहणं परवडलं कसं, हे काहीच कळत नाही. म्हणून मी कसं करते ते सगळं इथे लिहितेय, एकच गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत बांधून दाखवते म्हणजे समजायला सोपं जाईल.

पहिली पायरी : साल आणि गाव आधी, माणसं नंतर

"जुना काळ" असं काही नसतं. १८६२ चा खानदेश आणि १९०३ चा खानदेश ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. १८६१ ते ६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत पोचली, माणसाच्या हातात अचानक पैसा खेळायला लागला आणि युद्ध संपल्यावर भाव कोसळले. ह्या एका चढ-उतारात कितीतरी संसार मोडण्याजोगे आहेत. त्याआधी जायचं तर १८१८ नंतर इंग्रज आले तो काळ, १८२५ ला आउट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल कोअर म्हणजे भिल्लांची पलटण उभी केली आणि धरणगावला तिचं ठाणं होतं, तिथल्या एखाद्या शिपायाचं घर पण छान होईल. पुढचं पाहिजे तर १९३६ चं फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं, नवरा सत्याग्रही आणि बायको घरी एकटी.

मी आपल्या उदाहरणासाठी १९०३ ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, घेते. कारण त्याच्या मागे १८९९-१९०० चा दुष्काळ आहे, विक्रम संवत १९५६ म्हणून गुजरातकडे ज्याला छप्पन्या म्हणतात तो. जिल्हा तेव्हा एकच होता, पूर्व आणि पश्चिम खानदेश ही फाळणी १९०६ ची, त्यामुळे तुमच्या १९०३ च्या पात्राने "पूर्व खानदेशातून आलो" म्हटलं की जाणता वाचक तिथेच पुस्तक बंद करतो.

नवऱ्याचं गाव गिरणाकाठी भडगावकडे, बायकोचं माहेर पांझरेच्या काठी साक्रीकडे. नावं सुकदेव आणि तुळसा. नावांच्या बाबतीत जरा थांबा, त्या काळचं शेतकरी घर असेल तर गोदा, सखू, यसोदा, तोताराम, ओंकार, उखा, दगा अशी नावं, वाचकाला पहिल्यांदा रोमँटिक वाटणार नाहीत पण तीन चॅप्टरनंतर त्याच नावाने जीव कालवतो बघा.

दुसरी पायरी : मोडलं का, ह्याला दोन खरी उत्तरं पाहिजेत

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. चिठ्ठी कोणीतरी लपवली, सासूने कान भरले, नवऱ्याला परक्या बाईसोबत बघितलं आणि ती त्याची बहीण निघाली, असले प्रकार मी वापरत नाही. पाच मिनिटं बोलून मिटणारं भांडण तीन वर्षं चालवलं की वाचक दोघांवर चिडतो. कारण असं पाहिजे की तिच्या बाजूने ऐकलं तर ती बरोबर आणि त्याच्या बाजूने ऐकलं तर तो बरोबर.

आपल्या गोष्टीत दुष्काळात चारा संपलाय, बैल उभ्या उभ्या वाळतायत. सुकदेव तुळसाला न विचारता तिच्या माहेरच्या पाटल्या मोडून कडबा आणतो. कारण बैल गेले तर पुढच्या पावसात पेरायचं कशाने, म्हणजे त्याचं चुकलं कुठे? आणि तरी बैल मरतात. तो सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जातो, आठ-आठ दिवस घरी नाही, घरात दाणा नाही, दोन वर्षांची पोर तापाने फणफणतेय, तर तुळसा एका रात्री पोरीला पाठीशी बांधून माहेरच्या वाटेला लागते, तिकडे पांझरेच्या पाटाला थोडं तरी पाणी आहे. तिचं तरी चुकलं कुठे? तो परत येतो तर घर रिकामं. तिच्या मनात बसलंय "मला विचारलं नाही", त्याच्या मनात बसलंय "दुष्काळात सोडून गेली". हे दोन वाक्य कागदावर लिहून समोर चिकटवा, पुढचं सगळं त्याच्यातूनच निघतं.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. दुराव्याचं कारण मारहाण असेल तर ती गोष्ट परत जुळवू नका. हात उचलणाऱ्या माणसाला शेवटच्या चॅप्टरमध्ये दोन अश्रू आणून हिरो करायचं आणि बाईला परत त्याच घरात पाठवायचं, हे मी कधी लिहिणार नाही, तुम्ही पण लिहू नका. आणि त्या काळी लग्नं पोरवयात व्हायची हे खरंच आहे, १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने सुद्धा वय फक्त १२ केलं होतं, म्हणून लग्न मागे एका ओळीत सांगून टाका आणि गोष्ट सुरू होताना दोघं पुरते मोठे असू द्या. तुळसा २४ ची, सुकदेव २९ चा.

तिसरी पायरी : तेव्हा कोण कोणाला सोडू शकत होतं

हा रिसर्च कंटाळवाणा वाटतो पण प्लॉटचं अर्धं टेन्शन इथूनच फुकट मिळतं.

हिंदू पुरुषाला तेव्हा दुसरी बायको करायला पहिलीला सोडायची गरजच नव्हती, मुंबई इलाख्यात त्याला बंदी आली ती १९४६ ला. बाईचं तसं नाही. ब्राह्मण आणि तशा रीतीच्या घरात तिला काही वाटच नाही. ज्या जातींमध्ये पाट लावायची, म्हणजे बाईने दुसरं लग्न करायची, रीत होती तिथे आधी सोडचिठ्ठी पाहिजे, पंचांसमोर काडीमोड झाली पाहिजे, मग दुसरं घर. म्हणजे तो मोकळाच आहे आणि ती अडकलेली आहे.

आता ह्याच्यातून काय निघतं बघा. सुकदेवची आई तीन वर्षं म्हणतेय, दुसरी कर. त्याला कोणी अडवलेलं नाही, कायदा नाही, जात नाही. तरी तो करत नाही. त्याने एकदाही "माझं तुझ्यावर प्रेम आहे" न म्हणता वाचकाला सगळं कळतं. तुळसाला मात्र ते कळायला वेळ लागला पाहिजे, तिला वाटतं हा मला सोडत पण नाही आणि नेत पण नाही, टाकलेली म्हणून गावाच्या तोंडी देऊन ठेवलंय.

आणि कोर्ट? रखमाबाईंची केस वाचा. नवऱ्याने १८८४ ला मुंबईत दावा लावला की बायकोने नांदायला यावं, त्या नाही म्हणाल्या, १८८७ ला कोर्टाने सांगितलं नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग, त्यांनी तुरुंग पत्करते म्हटलं, शेवटी १८८८ ला २००० रुपये देऊन मिटलं. त्याची चर्चा देशभर झाली होती, त्यामुळे भाऊबंदांपैकी कोणीतरी सुकदेवला "दावा लाव, मुकाट्याने येईल" असं सुचवणं १९०३ मध्ये अगदी शक्य आहे. त्याने त्यावर काय केलं ह्यावरून तो हिरो आहे की नाही ते ठरेल. दावा लावला तर गोष्ट तिथेच मेली.

चौथी पायरी : तो आला का नाही, तिने बोलावलं का नाही

आपल्याकडे सगळं "मूळ" ह्या शब्दावर अडतं. पोर माहेरी गेली की सासरकडून कोणीतरी न्यायला यावं लागतं, ती आपण होऊन गेली तर तिची किंमत गेली आणि बापाची मान खाली. म्हणजे तुळसा येऊ शकत नाही, त्यालाच यायला पाहिजे. मग तो का येत नाही?

बैल गेले, जमीन सावकाराकडे गेली, तो दुसऱ्याच्या घरी सालदार राहिलाय. साल म्हणजे वर्षभराचा करार, आणि आमच्या खानदेशात सालदाराचं साल आखाजीला बदलतं. झोपायला मालकाचा गोठा. बायकोला आणून ठेवणार कुठे? हे तो कोणाला सांगत नाही, सासऱ्याला तर नाहीच. तो दरवर्षी मनीऑर्डर करतो आणि ती दरवर्षी पैसे परत पाठवते. तिचं म्हणणं, पैसे कशाला, तू ये. त्याला वाटतं, माझा पैसा सुद्धा नको झाला हिला.

पत्रांचं पण लक्षात ठेवा. पोस्टकार्ड १८७९ पासून होतं, पाव आण्याला म्हणजे एका पैशाला, पण दोघांना वाचता येत नाही. लिहायचं मास्तरांकडून, मोडीत, आणि तिकडे वाचणार तलाठी किंवा दुकानदार, सगळ्या ओट्यासमोर मोठ्याने. अशा कार्डात मन कसं घालणार? "इकडे पाऊस बरा. पोरगी बरी असेल." एवढंच. पण तुळसा ते कार्ड दुकानदाराकडून दोनदा वाचून घेते. तो दुसऱ्यांदा वाचतो तेव्हा तिचा चेहरा लिहा, मनातले विचार लिहू नका.

पाचवी पायरी : समोरासमोर आणा, पण कामाने

योगायोग एकच चालतो, आणि तो सुद्धा कॅलेंडरमधला असला तर उत्तम. आखाजीला त्याचं साल संपतं, त्या दिवशी तो तीन वर्षांत पहिल्यांदा कोणाचाच नोकर नाही. तीच आखाजी सासुरवाशिणींचा सण, गावभर पोरी माहेरी आलेल्या, झाडांना झोके बांधलेले, गौराईची गाणी, पितरांच्या घागरीवर डांगर ठेवलेलं, खापरावर पुरणाचे मांडे. आणि सगळ्या पोरी चार दिवसांनी सासरी परत जाणार, तुळसा सोडून. हा सण तिला किती टोचत असेल! आमच्या भागाचा एवढा मोठा सण सोडून लोक दिवाळीच्या दिव्यांत मीलन घडवतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

तर तो येतो. चाळीसगावहून धुळ्याला गाडी तोवर सुरू झालेली होती, धुळ्यापर्यंत आगगाडीने, तिथून साक्रीकडे सतरा-अठरा कोस, कोणाच्या छकड्यात जागा मिळाली तर ठीक नाहीतर पायी. उन्हाने डांबरासारखा काळा पडलेला माणूस दारात उभा राहतो. ह्या प्रवासाला अर्धं पान पुरे.

आता पांझरेकाठची फडपद्धत कामाला येते. नदीला बंधारा, त्यातून पाट, आणि गावाची भिजणारी जमीन मोठ्या फडांमध्ये वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी सोडायला पाटकरी, शेतात पाणी भरायला बारेकरी, राखायला जागल्या, सगळं गावाने मिळून ठरवलेलं आणि हे तीन-चारशे वर्षं चालत आलेलं. पाटातला गाळ काढायला प्रत्येक घराने माणूस द्यायचा. तुळसाचा भाऊ आजारी, बाप म्हातारा, म्हणून डोक्याला पदर बांधून तीच पाटात उतरलीय, भोवती सगळे गडी. सुकदेव ओट्यावर बसून राहायच्या ऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी काही न बोलता फावडं घेऊन तिच्या पुढ्यात उतरतो. तो पाटी भरतो, ती उचलते. पहिला दिवस एक शब्द नाही. पण तो पाटी किती भरतो बघा : सुरुवातीला काठोकाठ, मग तिला उचलताना कमरेला हात लावलेला दिसतो, त्यानंतर प्रत्येक पाटी चार बोटं कमी. तिला ते समजतं. ती चिडते, "भरा पुरती" म्हणते. तीन वर्षांनी नवऱ्याशी बोललेला तिचा पहिला शब्द हा. असा एक सीन जमला की पुढची पन्नास पानं वाचक तुमच्यासोबत आहे.

सहावी पायरी : वितळणं हळू, आणि वस्तूंमधून

नव्या प्रेमकथेत माणसं एकमेकांना ओळखत जातात. इथे ती आधीच ओळखतात, हीच तर गंमत आहे. तो भाकरीचा पापुद्रा आधी सोलून खातो, तिला माहितीये. तिने कळण्याची भाकरी केली, ज्वारी-उडदाची, वर ठेचा आणि तेलाची धार, आणि ताट ठेवताना पापुद्रा फुगलेला भाग त्याच्याकडे वळवून ठेवला. हाताने केलं, मनाला विचारलं नाही. मग स्वतःवरच रागावून आत गेली. हे लिहायला चार ओळी लागतात.

उलट बदललेल्या गोष्टी पण पाहिजेत. त्याच्या अंगठ्याचं नख खडी फोडताना गेलंय, ते तिला माहीत नव्हतं. तिच्या मनगटावर पाटल्यांच्या जागी नुसत्या काचेच्या बांगड्या, तो बघतो आणि नजर काढून घेतो. पोरगी पाच वर्षांची झालीय आणि त्याला "पाहुणा" म्हणते.

मुलाला चावी म्हणून वापरू नका हं. पोरीने दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले असला सीन नको. पोरगी त्याला घाबरू दे, त्याने दिलेली रेवडी तिला फेकून देऊ दे. त्याला तिची माया वेगळी कमवावी लागू दे.

शरीराची ओढ लिहायला लाजू नका, ती नवरा-बायको आहेत, त्यांना एकमेकांची सवय होती. पण खेड्यातलं घर, उन्हाळ्यात सगळे अंगणात बाजा टाकून झोपलेले, एकांत म्हणून नाहीच. दोन बाजांच्या मधल्या अंतरात, अंधारात ती जागी आहे हे त्याला श्वासावरून कळण्यात जेवढी ओढ येते तेवढी बंद खोलीत येत नाही.

सातवी पायरी : बोली आणि संबोधनं

धुळे-नंदुरबारकडे आणि चाळीसगाव-भडगावला अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा गणबोली. दोन्ही वेगळ्या आहेत, मिसळलं की तिथला माणूस लगेच ओळखतो. बहिणाबाई आसोद्याच्या, त्यांची बोली लेवा, तिला अहिराणी समजून तुळसाच्या तोंडी घालू नका. निवेदन साध्या मराठीत ठेवा आणि अगदी नाजूक जागीच बोली येऊ द्या. माझ्या मसुद्यात सुकदेव दारात उभा राहून एवढंच म्हणतो, "तुले लेवाले उनू." म्हणजे तुला न्यायला आलो. आणि ती आतून म्हणते, "मंग बठा."

बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, तीन वर्षं तर घ्यायची वेळच आली नाही. आखाजीच्या झोक्यावर मैत्रिणी नाव घ्यायचा आग्रह करतात, सगळ्या घेतात, तुळसाची पाळी आली की सगळ्या गप्प होतात आणि झोका पुढे देतात. तो सीन सुरुवातीला ठेवा, आणि नंतर कधीतरी, कोणी न विचारता, पाटात एकटी असताना ती नाव घेऊन बघते. उखाणा सुचत नसेल तर लिहू नका, नुसते ओठ हलले लिहिलं तरी चालतं.

आठवी पायरी : बाकीची माणसं

पटकन सांगते. सासू राक्षसीण नको, तिला पण दुष्काळाने काहीतरी गमवायला लावलंय. बापाला मुलगी हवी पण आहे आणि ओझं पण वाटतंय. भावजय शहाणी करा, तिच्याकडून एखादं खरं वाक्य येऊ द्या. सावकार लागेल तेवढाच.

नववी पायरी : माफी आणि विचारणं

इथे बहुतेक ड्राफ्ट पडतात. माफी मोघम असली की फुकट. "माझं चुकलं, मला माफ कर" ह्यात काहीच नाही. ज्या जागी जखम आहे त्याच जागी माफी पाहिजे. सुकदेव नव्या पाटल्या घेऊन येत नाही, त्याच्याकडे पैसेच नाहीत, आणि आणल्या असत्या तर हिशेब मिटला असता, जखम नाही. तो म्हणतो, "मी विचारलं नव्हतं." बस. मग तिला पण तिचं म्हणू द्या, "मी सांगून निघाले नाही." दोघांचं एकेक वाक्य, आपण दुसऱ्या पायरीला भिंतीवर चिकटवलं होतं तेच, फक्त आता ते दुसऱ्याच्या तोंडून आलंय.

आणि त्यानंतर तो सोडचिठ्ठीची गोष्ट काढतो. मी पंचांसमोर लिहून देतो, तू मोकळी, दुसरं घर कर, मी गोठ्यात राहतो, माझ्याकडे काही नाही. नाहीतर ये. तू सांग. तीन वर्षांपूर्वी ज्या माणसाने विचारलं नव्हतं तो आता विचारतोय, आणि अशी गोष्ट विचारतोय की ज्यात तिचं "नाही" खरोखर शक्य आहे. सोडचिठ्ठीचा कागद खरा असला पाहिजे, मास्तरांकडून लिहून आणलेला, तिच्या हातात. तिने लगेच फाडू नये. रात्रभर उशाखाली ठेवू दे. सकाळी काय करते ते तुम्ही ठरवा. माझ्या गोष्टीत ती तो कागद घडी करून पोळपाटामागे खोचून ठेवते आणि सासरी जाताना सोबत घेते. फाडत नाही. तिला तो हक्काने जवळ ठेवायचाय, आणि तो बघतो, हसतो, काही बोलत नाही.

दहावी पायरी : परत गेल्यावर

छकडं वेशीबाहेर पडलं, आईने डोळे पुसले, समाप्त, असं करू नका. बोळवण झाली म्हणजे संसार झाला असं नाही. निदान दोन चॅप्टर परतीनंतरचे द्या. गोठ्याशेजारच्या झोपडीत पहिला पाऊस गळतो, भांडण होतं, ती कागद कुठे ठेवलाय ते बघून येते आणि परत येऊन चूल पेटवते. हे लिहिलं नाही तर वाचकाला शंका राहते की पुढच्या दुष्काळात पुन्हा हेच होणार.

रिव्हिजन करताना मी तीन गोष्टी तपासते. पहिलं, प्रत्येक चॅप्टरमध्ये कोणीतरी कोणाला तरी विचारतंय किंवा विचारत नाहीये, तो धागा तुटलाय का. दुसरं, एखादी वस्तू त्या सालात होती का : शंका असेल तर १८८० चं खानदेश गॅझेटियर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला बारावा खंड, त्यात पिकं, जाती, रीतीभाती, बाजार सगळं आहे, फक्त ते साहेबाच्या नजरेने लिहिलंय हे विसरू नका. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. आणि घरातल्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ऐका, सासर-माहेरचं जे कुठल्या दप्तरात नाही ते तिथे आहे. तिसरं, सगळे संवाद मोठ्याने वाचते, जिथे जीभ अडखळते ते वाक्य पुस्तकी आहे.

शेवट कुठे थांबवायचा ह्यावर मी खूप दिवस अडले होते. आधी रात्रीच्या मिठीवर थांबवलं, मग पोरीने "बा" म्हटलं तिथे, दोन्ही वेळा काहीतरी खोटं वाटत राहिलं. शेवटी दोन वर्षं पुढे नेलं. १९०५, पैसे साठलेत, धुळ्याचा बाजार, सुकदेव एका बैलासमोर उभा आहे, व्यापारी घाई करतोय, हातावर रुमाल टाकून भाव ठरायचाय. तो व्यापाऱ्याला थांब म्हणतो आणि मागे वळून तुळसाला विचारतो, "घेऊ?" ती पुढे येते, पोरीचा हात त्याच्या हातात देते, बैलाचं तोंड उघडून दात मोजते आणि म्हणते, "सहादाती शे. घ्या."